डाव्या पायास पेन्शन

गेल्या ज्येष्ठांत आमच्या घरीं एक वाद उपस्थित झाला, तो पुरता मिटावयास भाद्रपद उजाडावा लागला. वाद वांटणीचा नव्हता, सोयरिकीचाहि नव्हता, मोटारगाडीचा होता. जुनी गाडी थकली, नवी घ्यावयाची, हें सर्वांस मान्य होतें. ती चारहि चाकांना जोर देणारी, म्हणजे फोर बाय फोर, असावी हेंहि मान्य होतें. कारण आमचें बिऱ्हाड कऱ्हाडास असलें तरी मूळचें घर व देवघर आहे कुंभार्ली घाट उतरून चिपळुणापलीकडच्या एका खेड्यांत. तेथें डांबरी सडक संपल्यावर दीड मैल वाट जांभ्या कातळावरून जाते, मध्यें एक पऱ्या आडवा येतो, आणि अखेरचा चढ असा आहे कीं पूर्वीं तेथें बैलगाडीला जादा जोडी जुंपावी लागे. मतभेद एवढ्याच मुद्द्यावर झाला कीं, गिअर हातानें बदलावयाचे घ्यावे, कीं गाडीनें आपले आपण बदलावयाचे.

आम्ही स्वतः जन्मभर सायकलीचे स्वार. तेव्हां या प्रश्नांत मत देण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु मास्तरकींत जन्म गेल्यामुळें एक खोड जडली आहे. दोन पक्ष भांडूं लागले म्हणजे प्रत्येकास उभें करून, "तुझें म्हणणें काय तें सांग पाहूं," असें विचारल्याशिवाय आम्हांस चैन पडत नाहीं. त्याप्रमाणें गाडी हांकणारे जे जे भेटले त्यांची साक्ष आम्हीं घेतली. ती वाचकांपुढें ठेवितों. कारण हा प्रश्न आज पुष्कळ घरांत निघत असेल असा आमचा तर्क आहे.

चिरंजीवांचें मत कडक. वीस वर्षें त्यांनीं हातच्या गिअरची गाडी चालविली. ते म्हणाले, "कातळावर चाक निसटूं लागलें कीं तें क्लचवरच्या पायाला आधीं कळतें. तो पायच काढून घेतला तर चालविणाऱ्याजवळ राहिलें काय?" आमच्या धाकट्या बंधूंनीं वादांत भागच घेतला नाहीं. त्यांच्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया होऊन दोन वर्षें झालीं. ज्यांनीं या घरांतील तीन पिढ्यांस पंढरपूर, कोल्हापूर, गोकर्ण दाखविलें, ते क्लच दाबतां येत नाहीं म्हणून खिडकीशीं मुकाट बसतात. ते एवढेंच बोलले, "दादा, ऑटोमॅटिक आली तर मला पुन्हां गाडी चालवितां येईल." या वाक्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

सूनबाईजवळ परवाना आहे आणि शहरांत ती उत्तम गाडी चालविते. परंतु घाटांत तिच्या हातीं गाडी देण्याची वेळ आली कीं घरांतील पुरुषांस एकाएकीं अनेक कारणें सुचतात. त्यांत आमचाहि समावेश होता हें कबूल केलें पाहिजे.

शेजारीं सैन्यांतून निवृत्त झालेले एक हवालदार राहतात. त्यांनीं हिमालयांतील रस्त्यांवर लष्करी गाड्या चालविल्या. त्यांचा निवाडा मोजक्या शब्दांचा: "ज्या गिअरनें चढाल त्याच गिअरनें उतरा, हा डोंगराचा कायदा. चढतांना ऑटोमॅटिकशीं माझें भांडण नाहीं. उतरतांना तिला हा कायदा कोणीतरी सांगावा लागतो." आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला सुट्टीच्या दिवशीं मावळांतल्या चिखलांत व खडकांत गाडी घालण्याचा छंद आहे. पूर्वीं तो ऑटोमॅटिकला हंसत असे. आतां तीच वापरतो. "गुरुजी, पायरीसारख्या खडकाला चाक टेकवावें आणि उजव्या पायानें हलकेच भार देत राहावें. गाडी मुंगीसारखी वर चढते. एंजिन बंद पडण्याची धास्ती नाहीं, क्लच जळण्याचा वास नाहीं. मात्र रुतलेली गाडी पुढें-मागें हिंदकळवून काढावयाची असेल तर मला अजून क्लचच बरा वाटतो." आणि स्टँडाबाहेरच्या वडापवाल्यानें तर आमचीच परीक्षा घेतली: "गुरुजी, आमची गाडी बंद पडली तर बसलेली माणसं उतरून ढकलत्यात अन् सुरू हुती. तुमची ढकलून सुरू हुईल का?" आम्हीं चौकशी केली. होत नाहीं. ऑटोमॅटिक पेटींतील तेलाचा पंप एंजिनाबरोबरच फिरतो. एंजिन निजलें कीं पेटीहि निजली. वडापवाल्यास पैकीच्या पैकी गुण द्यावे लागले.

आतां थोडें यंत्राविषयीं. हातच्या गिअरच्या गाडींत एंजिन व गिअरपेटी यांच्यामध्यें क्लचची तबकडी असते. ती घट्ट बसली कीं जोर चाकांकडे जातो, सुटली कीं थांबतो, आणि अर्धवट बसवून गाडी रांगत ठेविली तर घासून तापते. बहुतेक ऑटोमॅटिक रानगाड्यांत या जागीं टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवून एक सुरू केला तर त्याच्या वाऱ्यानें दुसराहि फिरूं लागतो. तोच प्रकार येथें वाऱ्याऐवजीं तेलानें होतो. मध्यें तिसरें एक चक्र असतें, तें परतणाऱ्या तेलाला वळण लावतें. त्यामुळें गाडी जागची हलतांना एंजिनाचा पीळ दुपटीच्या आसपास वाढून मिळतो. ही द्रवाची युक्ति हेर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्यानें जहाजांकरितां शोधून १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. अमेरिकेंत ओल्ड्समोबिल गाड्यांच्या १९४० सालच्या नमुन्यांत हायड्रा-मॅटिक नांवाची आपोआप गिअर बदलणारी पेटी आली, आणि दुसऱ्या महायुद्धांत एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यांत ती बसविली गेली. ऑटोमॅटिक ही केवळ शहरांतली चैन आहे असें म्हणणाऱ्यांनीं हा रणगाडा ध्यानांत ठेवावा.

मग अनुभवी चालक तिला इतकीं वर्षें नाकें कां मुरडीत आले? त्यासहि कारण होतें. १९८२ सालीं रेंज रोव्हरला कारखान्यांतूनच ऑटोमॅटिक पेटी मिळूं लागली, तेव्हां तिला गिअर तीनच होते. तीन पायऱ्यांच्या शिडीनें माडीवर चढावें तशी ती अवस्था. २००९ पासून जर्मनीच्या झेडएफ कंपनीच्या आठ गिअरांच्या पेट्या मोटारींत येऊं लागल्या आणि शिडीच्या पायऱ्या जवळ जवळ आल्या. २०२० पासून विकली जाणारी नवी डिफेंडर तर ऑटोमॅटिकच मिळते. आमच्या नाशिकास तयार होणारी २०२० सालची थार दोन्ही प्रकारांत आली, दोहोंस गिअर सहा. २०२३ सालच्या जिम्नीस हातचे पांच व आपोआपचे चार.

अंकगणिताची आवड असलेल्या वाचकांसाठीं एक उदाहरण देतों. २०१८ सालच्या जीप रँग्लर रुबिकॉनमध्यें हातच्या पेटीचा पहिला गिअर ५.१३ चा, ऑटोमॅटिकचा ४.७१ चा. दोहोंस पुढें लो रेंजची ४ पट व धुरीवरील ४.१० पट मिळते. गुणाकार करून पाहावा: हातच्या गाडीस सुमारें ८४, ऑटोमॅटिकला सुमारें ७७. म्हणजे कागदावर हातची गाडी सरस. परंतु ७७ च्या मागें टॉर्क कन्व्हर्टरची वाढ उभी असते, म्हणून जागेवरून खडक चढतांना ऑटोमॅटिकच भारी पडते. उलट उतारावर ही वाढ उपयोगी पडत नाहीं. तेथें मूळचा आंकडा मोठा असलेली हातची गाडीच एंजिनाच्या बळावर अधिक आवरली जाते. चिरंजीव व आमचा विद्यार्थी दोघेहि खरें बोलत होते; एक उताराविषयीं, दुसरा चढाविषयीं.

अखेर बंधूंच्या गुडघ्याकडे पाहून चिरंजीवांनीं माघार घेतली आणि श्रावणांत ऑटोमॅटिक गाडी दारांत आली. कोणत्या कंपनीची तें सांगत नाहीं, कारण पुढें घडलें त्यांत गाडीचा दोष नव्हता.

गणपतीला आम्ही सात जण निघालों. त्यांत दोन नातवंडें. घाटमाथ्यावर धुकें, खालीं पाऊस. गाडी चिरंजीवांच्या हातीं. दांडा डीवर ठेवलेला. पुढें गणपतीच्या गाड्यांची रांग. थोडें सरकावें, थांबावें, पुन्हां सरकावें. डीमध्यें प्रवेगकावरचा पाय उचलला कीं पेटी समजते, आतां जोर नको, आणि वरचा गिअर घेते. एंजिनाचा लगाम सैल पडतो व सगळा भार ब्रेकवर येतो. कांहीं पेट्या उतार ओळखून स्वतः खालचा गिअर घेतात. परंतु भरलेल्या गाडीला तेवढें पुरेलच असें नाहीं. अर्धा घाट उतरल्यावर जळकट वास आला. चिरंजीवांचा चेहरा पालटला. ब्रेकचा पेडल पूर्वींपेक्षां खोल जाऊं लागला होता. त्या क्षणीं आमचें लक्ष त्यांच्या डाव्या पायाकडे गेलें. तो पाय रिकाम्या जागीं क्लच दाबीत होता. वीस वर्षांचें कौशल्य त्या पायांत होतें, आणि दाबावयास तेथें कांहींच नव्हतें.

बंधू मागून ओरडले, "अरे, दुसरा लाव, दुसरा!" तो लावावा कसा, हें त्यांसहि ठाऊक नव्हतें. सूनबाई शांतपणें म्हणाली, "दांडा डावीकडे ओढा आणि वजा चिन्हाकडे दोनदां ढकला." एंजिन मोठ्यानें गुरगुरलें, गाडी आवरली, आणि पुढच्या वळणावरील रुंद जागेंत आम्ही थांबलों. गाडीबरोबर आलेली पुस्तिका घरांत फक्त तिनें वाचली होती. चाकांवर पाणी ओतण्यास नातू धांवला, त्यास बंधूंनीं अडविलें. तापलेल्या लोखंडावर एकदम गार पाणी पडलें तर तें वांकतें. अर्धा तास थांबून मग दुसऱ्या गिअरांत सावकाश उतरलों. त्या अर्ध्या तासांत कोणी कोणास कांहीं बोललें नाहीं.

घाट संपल्यावर बंधू पुढें बसले. दोन वर्षांनीं त्यांच्या हातीं चाक आलें होतें. चिपळुणापलीकडे डांबरी सडक संपेपर्यंत त्यांनीं गाडी आणली, आणि त्या वेळीं त्यांच्या तोंडावर जें समाधान होतें त्याचें वर्णन आम्ही करीत नाहीं. पुढें कातळाची वाट. चिरंजीवांनीं आपण होऊन किल्ली पत्नीच्या हातांत दिली. आमच्या गड्यानें काठीनें पऱ्याचा ठाव घेतला, "डाव्या अंगास खळगा हाय, उजवीकडून या," असें सांगितलें, आणि मगच गाडी पाण्यांत शिरली. शेवटच्या चढावर शेवाळानें चाक फिरूं लागलें. सूनबाईनें घाबरून अधिक जोर दिला, तों खालीं उभे असलेले चिरंजीव ओरडले, "पाय सोड! चाक सरळ कर, मग हलकेच भार दे." तिनें तसें केलें, आणि गाडी अंगणांत आली.

रात्रीं पडवींत बसलों असतां आम्हांस महाभारतांतील नलोपाख्यान आठवलें. बाहुकाचें रूप घेतलेला नल ऋतुपर्ण राजाचा रथ अयोध्येहून विदर्भास हांकीत असतो. त्यानें निवडलेले घोडे कृश दिसतात म्हणून राजा शंका घेतो. परंतु वाटेंत राजाचें उत्तरीय पडलें, तें घ्यावयास थांबा म्हणेपर्यंत रथ योजनभर पुढें गेलेला असतो. नलाजवळ अश्वांची विद्या आहे, राजाजवळ अक्षांची, म्हणजे संख्येची. दोघेहि आपली विद्या दुसऱ्यास देऊं करतात, आणि संख्येची विद्या मिळतांच नलाच्या अंगांतून कलि निघून जातो. आमच्या घरींहि अश्वविद्या चिरंजीवांजवळ होती व पुस्तिकेची विद्या सूनबाईजवळ. घाटांत एक उपयोगी पडली, चढावर दुसरी. कलि होता तो एवढाच, कीं आपलें येतें तेवढेंच सारथ्य असें प्रत्येकास वाटत होतें, आणि तें वाटणाऱ्यांत घरचे वडील आम्हीहि होतों.

तेव्हां आमचें मत विचाराल तर असें आहे. ऑटोमॅटिक पेटी चालकाचें ज्ञान कमी करीत नाहीं. त्या ज्ञानाची जागा बदलते. पूर्वीं तें डाव्या पायांत होतें, आतां तें पुढच्या वाटेकडे पाहून आधींच निर्णय घेण्यांत आहे. ज्यांच्या घरीं अशी गाडी येईल त्यांनीं तीन गोष्टी पाळाव्या. पहिली, उतार लागण्यापूर्वींच खालचा गिअर स्वतः लावावा. वास येईपर्यंत थांबूं नये. उतारावर वेग आपोआप धरून ठेवणारी सोय १९९७ सालीं लँड रोव्हरनें फ्रीलँडर गाडींत आणली व आज ती पुष्कळ गाड्यांत असते. परंतु तीहि बहुधा ब्रेकच वापरते, म्हणून लांबलचक घाटांत खालचा गिअर हाच मुख्य आधार. दुसरी, चिखल, वाळू वा कातळ लागतांच लो रेंज घ्यावी. नाहीं तर टॉर्क कन्व्हर्टरमधील तेल घुसळून तापतें, आणि तापल्याचा दिवा लागला तर थांबून त्यास निवूं द्यावें. तिसरी, वडापवाल्याचें स्मरण ठेवून बॅटरी वेळेवर तपासावी व जोडतारा गाडींत ठेवाव्या.

चौथी गोष्ट यंत्राची नाहीं, घराची आहे. पुस्तिका एकानें वाचूं नये. रात्रीं जेवणें झाल्यावर सर्वांनीं मिळून वाचावी. आमच्या घरीं आतां ती देवघराशेजारच्या फडताळांत पंचांगाजवळ ठेविली आहे, आणि परतीच्या वाटेवर घाट चढतांना गाडी कोणीं चालवावी यावर कोणाहि पुरुषास एकहि कारण सुचलें नाहीं.