ग्रहण आणि गर्भ

फाटक्या ओठाचे मूल जन्मले की आपल्याकडे आईला पहिला प्रश्न येतो : ग्रहणात विळी हाती धरली होतीस काय? या प्रश्नाने आजवर एकही ओठ सांधला गेला नाही. निरपराध माता मात्र असंख्य दोषी ठरल्या. सुशिक्षित घरेही यास अपवाद नाहीत, याचा आम्हास अधिक खेद वाटतो.

जन्मजात व्यंगे विरळा नव्हेत. पुण्यातील गर्भवतींच्या एका पाहणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यांत मोठ्या व्यंगांचे प्रमाण दर दहा हजार जन्मांमागे सुमारे २३० आढळले. हृदयाचे दोष त्यांत सर्वाधिक होते. ही सर्वच व्यंगे टाळता येतील असे आमचे म्हणणे नाही. तथापि काही निश्चित टळतात. मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात, ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते. शरीरात फॉलिक अ‍ॅसिड अपुरे असल्यास ती उघडी राहण्याचा धोका वाढतो. पूर्वी असे अपत्य झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेआधीपासून हे जीवनसत्त्व दिले असता पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटली, असे ब्रिटनमधील प्रयोगाने १९९१ मध्येच दाखविले.

मग घोडे अडते कोठे? गोळी सरकारी दवाखान्यात मिळते. पण ती बहुधा गर्भवतीची नोंद झाल्यावर, म्हणजे वेळ टळून गेल्यावर हाती पडते. पाथर्डी-जामखेडकडील जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन फडाकडे निघतात. उन्हाळ्यात लग्न झालेल्या नव्या सुनेचे पहिले दिवस अनेकदा कोपीतच जातात. तिची नोंद कोणी व केव्हा करावी?

२०१३ साली पालघर येथे आरंभ झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम मुलांतील व्यंगे हुडकून उपचार मिळवून देतो. तो हवाच, परंतु ते काम जन्मानंतरचे आहे. याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांच्या हाती गावाचे आरोग्य सोपवून दाखविले. तोच मार्ग येथे उपयोगी पडेल. गावात लग्न झाले की आशाताईने गोळ्या घेऊन त्या घरी जावे, टोळी निघण्यापूर्वी पुढील महिन्यांचा साठा बांधून द्यावा. मुलींची रुबेलाची लस चुकू देऊ नये. मामेबहीण-आतेभाऊ यांचा विवाह ठरविताना वडीलधाऱ्यांनी डॉक्टरांचाही सल्ला घ्यावा.

ग्रहणाची वेळ आपण मिनिटामिनिटाने पाळतो. त्या २८ दिवसांची तितकी जरी काळजी वाहिली, तरी कित्येक पाळण्यांवरचे ग्रहण टळेल.