मे महिन्यातले गाव

मे महिन्यात मुंबईच्या उपनगरांतून कोकणातल्या मूळ गावी जाऊन राहणे, याला मालवणी घरांत नुसते ‘गावाक जाणे’ म्हणतात. गावाचे नाव घ्यावे लागत नाही. ज्याचा त्याचा गाव एकच असतो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, भांडुप, मुलुंड इथल्या कोकणी कुटुंबांच्या वर्षात अशा दोन फेऱ्या ठरलेल्या असतात, एक गणपतीची आणि दुसरी मेमधली. गणपतीची फेरी सणाची. माटवी, नैवेद्य, आरत्या, रात्रीची भजने यांत पाच-सात दिवस कधी सरतात ते कळत नाही. माणसाला खरा विसावा मिळतो तो मेमध्ये.

या प्रथेचे मूळ गिरणी कामगारांच्या मुंबईत आहे. रत्नागिरी जिल्ह्यातून (सिंधुदुर्ग त्यातून 1981 मध्ये वेगळा झाला) पुरुष नोकरीसाठी मुंबईला आले आणि ‘चाकरमानी’ झाले. बायकामुले, म्हातारे आईवडील, गुरे आणि शेती गावातच राहिली. एकेका गावाने लालबाग-परळकडे घेतलेल्या खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपत. गावाकडचे घर चाले ते मनिऑर्डरवर. तेव्हा मे महिन्यात गावी जाणे म्हणजे बापाने मुलांना भेटणे होते. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण अशी बंदरे घेत वेंगुर्ल्याकडे जाई आणि बोटीतून किनाऱ्यापर्यंत माणसांना पडाव नेत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. त्यामुळे बाप किती दिवस राहणार याचा हिशेब समुद्र करी.

18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरणगाव ओसरत गेले. खोल्या विकून किंवा चाळींच्या पुनर्विकासातून मिळालेल्या पैशांवर कुटुंबे दहिसर-बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पांगली. आता बायकामुले मुंबईत आणि आजी-आजोबा गावात, असे चित्र उलटे झाले. कित्येक घरांत तर गावी कोणीच उरले नाही. म्हणून आजची मेची भेट नातवंडांनी आजीला भेटण्याची असते, किंवा बंद घराचे कुलूप काढण्याची.

प्रवासाची सोयही टप्प्याटप्प्याने आली. एस.टी. होतीच, आणि बोरिवली व कुर्ला-नेहरूनगर इथून सुटणाऱ्या लाल गाड्यांवर एका अख्ख्या पिढीचे बालपण उभे आहे. कोकण रेल्वेचा रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा 741 किलोमीटरचा मार्ग 26 जानेवारी 1998 रोजी सलग सुरू झाला आणि घाटातली बारा-चौदा तासांची रात्र सुसह्य झाली. मुलुंडकरांना ठाणे जवळ आहे, घाटकोपरवाल्यांना कुर्ला आणि दादर. पश्चिम उपनगरांची मात्र अडचणच होती. बोजे, लहान मुले आणि म्हातारी माणसे घेऊन आधी दादर किंवा पनवेल गाठावे लागे. 29 ऑगस्ट 2024 रोजी वांद्रे टर्मिनस ते मडगाव ही गाडी सुरू झाली. बोरिवलीला थांबून वसईमार्गे कोकणात उतरणारी ही गाडी आठवड्यातून दोनदाच धावते, पण बोरिवलीच्या फलाटावरून थेट कणकवलीला जाता येणे ही अनेक वर्षांची मागणी होती. आरक्षण 60 दिवस आधी खुले होते, म्हणजे मेचे बेत मार्चमध्येच पक्के करावे लागतात. कोकणकन्या, मांडवी, तुतारी यांच्या जागा पहिल्या काही मिनिटांतच संपतात.

गावी पोचल्यावरचे पहिले दोन दिवस झोपेचे. उंबरठ्यावर पाय धुऊन, डोळ्याला पाणी लावून आत शिरले की शहराचा आवाज एकदम तुटतो. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि खारातली कैरी, दुपारी ओल्या काजूगरांची उसळ, मधल्या वेळी कापा की बरका या वादासह फणस. तिसऱ्या दिवसापासून मात्र काम सुरू होते, आणि इथेच ही सुट्टी पर्यटनाहून वेगळी पडते. मे म्हणजे पावसाच्या बेगमीचा महिना. छपरावरची कौले उतरवून, फुटकी बदलून शाकारणी करायची, लाकडे पडवीत रचायची, विहिरीतला गाळ काढायचा. रतांबे फोडून त्यांची साले त्याच फळांच्या मिठाळलेल्या रसात पुन:पुन्हा भिजवून उन्हात वाळवायची, तेव्हा आमसुले होतात. आंब्याचा रस ताटांत ओतून साठे घालायची आणि कावळ्यांवर मुलांचा पहारा बसवायचा. वर्षभर संगणकापुढे बसलेल्या माणसाला या कामांनी अंगदुखी होते आणि गाढ झोपही लागते. हॉटेलातल्या चार दिवसांनी न मिळणारा आराम इथे मिळतो. कारण इथे माणूस पाहुणा नसतो. छप्पर गळले तर ते त्याचेच गळणार असते.

मुलांसाठी सगळ्यांत मोठा बदल असतो तो ओळखीचा. पाणंदीत भेटलेला म्हातारा विचारतो, ‘कोणाचो रे तू?’ मुलुंडच्या इमारतीत या प्रश्नाला विंग आणि मजला सांगून भागते. इथे आजोबांचे नाव सांगावे लागते, आणि ते सांगितले की म्हातारा आजोबांची एखादी गोष्ट हमखास काढतो. बारा वर्षांच्या मुलाला आपण कुठल्यातरी साखळीतली कडी आहोत हे असे रस्त्यात उमगते.

या सगळ्याचा कळस म्हणजे देवळात घातले जाणारे गाऱ्हाणे. कुलदैवत आणि ग्रामदैवत यांत कोकणात स्पष्ट फरक आहे. कुलदैवत घराण्याचे. ते दूर तुळजापुरात, गुहागरात किंवा गोव्यात असू शकते. रवळनाथ, सातेरी, भूमिका, वेतोबा ही ग्रामदैवते त्या मातीची राखण करतात आणि गावात राहणाऱ्या सर्वांची असतात. मे महिन्यात आलेले कुटुंब एखादी सकाळ धरून देवळात जाते, देवीची ओटी भरते आणि नारळ गुरवाच्या किंवा मानकऱ्याच्या हाती देते. तो देवासमोर उभा राहून खणखणीत मालवणीत बोलू लागतो. अमक्याची लेकरे मुंबईहून तुझ्या पायाशी आली आहेत, पोटापाण्यासाठी परमुलखात राहतात, त्यांची नोकरी सांभाळ, पोराला परीक्षेत यश दे, म्हातारीचे गुडघे बरे कर, चुकलेमाकले पदरात घे. प्रत्येक वाक्याअखेर सगळे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात.

या विधीचे सामर्थ्य त्याच्या साधेपणात आहे. मंत्र संस्कृतात नाहीत. भाषा घरातली आहे आणि मागणे नेमके आहे. शहरात जी काळजी माणूस रात्री छताकडे बघत एकटा वाहतो, ती इथे दुसरा कोणी त्याच्या वतीने मोठ्याने बोलतो आणि भावकी तिला साक्षीने होकार देते. ज्या चुलतभावाशी बांधावरून बोलणे बंद आहे, तोही तिथे उभा असतो आणि त्यालाही ‘व्हय म्हाराजा’ म्हणावेच लागते. शंका असेल तिथे देवाला कौल लावतात. मूर्तीला किंवा पाषाणाला पाकळ्या चिकटवून त्या कुठल्या बाजूने पडतात ते पाहतात. यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण गाऱ्हाण्यानंतर डोळे पुसणाऱ्यांत देव न मानणारी माणसेही असतात.

देवळाभोवतीची राईही या अनुभवाचाच भाग आहे. देवाच्या धाकाने तिथली फांदी कोणी तोडत नाही. त्यामुळे मेच्या दमट उकाड्यातही तिथे थंडावा टिकतो. वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीत वेतोबाला केळ्यांचे घड आणि भल्या मोठ्या चामडी चपला वाहतात. रात्री गावाची राखण करत फिरल्याने त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. राजापूरजवळ उन्हाळे इथली गंगा साधारण तीन वर्षांनी प्रकट होते, आणि ती मेमध्ये आली तर चौदा कुंडांवर स्नानाला गर्दी लोटते.

ही सुट्टी आता आखडत चालली आहे, आणि ही गोष्ट काळजीची आहे. महिनाभराचा मुक्काम आठ-दहा दिवसांवर आला. सीबीएसई शाळांचे नवे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होते आणि दोघेही नोकरी करणाऱ्या आईबापांना एकाच वेळी रजा मिळणे कठीण असते. सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावे चढलेली असतात. त्यामुळे सामायिक घर दुरुस्त कोणी करायचे यावर वर्षे जातात आणि तोवर वाळवी वासे खाते. काही घराण्यांनी यावर चांगला मार्ग काढला आहे. उपनगरांत पांगलेली सगळी भावंडे मे महिन्यातला एकच आठवडा ठरवून एकत्र जातात, वर्गणीतून शाकारणी करतात आणि एकच गाऱ्हाणे घालतात. शेजारच्या घरी थोडे पैसे ठेवून रोज देवापुढे दिवा लावण्याची व्यवस्थाही काही जण करतात.

7 जूनच्या सुमारास मृग लागतो. मिरगाच्या दिवशी गावात कोंबडा शिजतो आणि भाताच्या तरव्याची गडबड सुरू होते. बहुतेक चाकरमानी त्याआधीच निघतात, कारण शाळा उघडायच्या असतात. गोणीत फणस, सोललेले नारळ, आमसुलांची बरणी, साठे आणि कागदात बांधलेला देवळातला अंगारा भरला जातो. घराला कुलूप लागते. किल्ली शेजारच्या काकीकडे जाते आणि ती दरवेळी विचारते तेच विचारते, ‘गणपतीक येतलास मा?’