गरिबांचे श्रीमंतांना अनुदान

परदेशी मदतीचा विषय निघाला की श्रीमंत राष्ट्रांनी गरीब राष्ट्रांना काय दिले, याचेच हिशेब मांडले जातात. उलट दिशेने वाहणाऱ्या मदतीची नोंद कोणत्याच अंदाजपत्रकात होत नाही. आफ्रिकेतून परदेशी जाणारे डॉक्टर व परिचारिका हे या बेनोंद मदतीचे ठळक उदाहरण होय.

केनियाचेच पाहावे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार तेथे प्राथमिक शाळेपासून पदवीपर्यंत एक डॉक्टर घडविण्यास सुमारे ६६ हजार डॉलर लागत. तो देश सोडून गेला म्हणजे या गुंतवणुकीवरील जे उत्पन्न बुडते, ते अभ्यासकांनी सुमारे ५ लाख १८ हजार डॉलर धरले; परिचारिकेमागे सुमारे ३ लाख ३९ हजार. पुढे २०११ मध्ये सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील नऊ देशांचा असाच हिशेब झाला. त्यांचे नुकसान २ अब्ज डॉलरांवर गेले, आणि एकट्या ब्रिटनचा वाचलेला प्रशिक्षणखर्च निघाला २.७ अब्ज! व्याजाने फुगलेले हे आकडे जपूनच वाचावेत, हे खरे. परंतु डॉक्टरवाचून दगावलेली बाळंतीण त्यांत कोठेच धरलेली नाही, हेही तितकेच खरे.

परदेशस्थ मंडळी घरी पैसे पाठवितात, असे यावर सांगितले जाते. त्या पैशांतून घरावर पत्रे चढतात, धाकट्या भावंडांची फी भरली जाते. सरकारी रुग्णालयातील रिकामी जागा मात्र रिकामीच राहते.

मूळचे मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनी १९७२ साली स्थलांतरितांच्या परदेशातील मिळकतीवर कर बसवून तो मायदेशाकडे वळविण्याची सूचना केली होती. प्रश्नाला वाचा फुटली, पण बोजा पडणार होता तो राबणाऱ्यावर. आयता डॉक्टर मिळालेले सरकार नामानिराळे. जागतिक आरोग्य संघटनेची २०१० ची भरतीविषयक संहिता तर केवळ ऐच्छिक आहे.

मायदेशीचे राज्यकर्तेही निर्दोष नव्हेत. मान्य झालेला वेतनकरार पाळला जात नाही म्हणून केनियातील सरकारी डॉक्टरांना २०१६ च्या डिसेंबरपासून शंभर दिवस संप करावा लागला. रुग्णालयांत मनुष्यबळ अपुरे असताना प्रशिक्षित परिचारिका बेकार राहतात, आणि २०२१ मध्ये ब्रिटनशी झालेला त्यांच्या पाठवणीचा करार सरकार रोजगारनिर्मिती म्हणून मिरविते. अशा स्थितीत परिचारिकेच्या पारपत्रावर बंदी घालणे हा शुद्ध अन्याय ठरेल. दर भरतीमागे प्रशिक्षणाचा पुरता खर्च ब्रिटिश तिजोरीने परत करावा, आणि केनियाने तो रिकाम्या जागांच्या पगारालाच लावावा, ही खरी मागणी आहे. २०२४ साली लंडनमध्ये सत्तेवर आलेला पक्ष मजुरांचे नाव लावतो. ही मागणी प्रथम त्याच्याच दारात नेली पाहिजे.