तीर्थदर्शन आणि ‘मी’पणाची कसोटी : श्रीगोंद्याच्या निमित्ताने

तीर्थयात्रेने माणसाच्या अंतरंगात काही पालट घडतो काय, हा प्रश्न मराठी संतसाहित्यात आरंभापासून विचारला गेला आहे. त्याची उत्तरे मात्र प्रथमदर्शनी परस्परविरोधी वाटतात. महानुभावांनी चक्रधरांच्या वास्तव्याने पुनीत झालेली स्थाने ‘स्थानपोथी’त बारकाईने नोंदवून ठेवली आणि स्थानवंदनाला आचारधर्माचे महत्त्व दिले. वारकरी संतांनी भावावाचून केलेल्या तीर्थस्नानाची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली. परंतु तेच संत पंढरीची वाट आयुष्यभर चालत राहिले. या विसंगतीचा उलगडा अनेकदा लोकसंग्रहाच्या कल्पनेने केला जातो. संतांना स्वतःला तीर्थाची गरज नव्हती, सामान्य जनांसाठी त्यांनी ती प्रथा चालू ठेवली, असे म्हटले जाते. हा उलगडा अपुरा आहे. संतांची तीर्थविषयक टीका हा तीर्थाचा निषेध नव्हे. ती यात्रिकाची कसोटी आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीगोंदा हे क्षेत्र या दृष्टीने विशेष अभ्यसनीय ठरते.

जुन्या काळी चांभारगोंदे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावी संतकवी शेख महंमद यांचे स्थान आहे. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी त्यांना गुरुस्थानी मानून येथे मठ बांधून दिला, असे परंपरा सांगते. शेख महंमदांचे गुरू चांद बोधले. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही चांद बोधल्यांचेच शिष्य होत, असे संप्रदायपरंपरा मानते. म्हणजे श्रीगोंद्याचा मठ, देवगिरीचा किल्ला आणि पैठणचा नाथवाडा ही तीन स्थाने एकाच गुरुपरंपरेने जोडली जातात. हे नाते कोणत्याही एका धर्माच्या चौकटीत सामावणारे नाही.

शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ हा अठरा प्रसंगांचा ओवीबद्ध ग्रंथ १६४५ च्या सुमारास सिद्ध झाला. ग्रंथनामातच त्याचे सूत्र आले आहे. येथील संग्राम बाहेरच्या शत्रूशी नाही. साधकाचा झगडा स्वतःच्या मनाशी, अहंकाराशी आणि विकारांशी आहे. आपला जन्म मुसलमान घरात झाला हे कवी कोठेही लपवीत नाही, आणि अंतरी ईश्वराचा निवास आहे हे सांगतानाही संकोचत नाही. दांभिक गुरू आणि पोकळ कर्मकांड यांवर त्याने केलेले प्रहार हिंदू व मुसलमान या दोघांनाही लागतात. ज्याने जन्माने मिळालेली ओळख साधनेच्या आड येऊ दिली नाही, त्याच्या समाधीपुढे उभा राहणारा यात्रिक आपली ओळख किती घट्ट धरून उभा आहे, हा प्रश्न मग आपोआप उपस्थित होतो.

तीर्थाचा परिणाम कोठे घडतो, याविषयी संतचरित्रांची साक्षही लक्षणीय आहे. देहूला तुकोबांच्या कीर्तनात मंडपाने पेट घेतला आणि शेख महंमदांनी श्रीगोंद्यात बसून ती आग हातांनी विझवली, अशी कथा सांगितली जाते. तिच्या ऐतिहासिकतेचा विचार येथे अप्रस्तुत आहे. तिचा आशय असा की, दूरच्या भक्ताचे संकट ज्याला आपले वाटते त्याला देहू दूर नाही. नामदेवांच्या नावावरील ‘तीर्थावळी’तही ज्ञानदेवांसह तीर्थे पाहत हिंडणाऱ्या नामदेवांचे मन पंढरीसाठीच झुरत राहते. दोन्हीकडे अंतर कापण्यापेक्षा अंतःकरण कोठे गुंतले आहे, याला मोल दिले आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल की, सामान्य भाविक प्रपंचाचे गाऱ्हाणे आणि नवस घेऊन येतो. ‘मी’पणाच्या विसर्जनाची अपेक्षा त्याच्याकडून करणे अन्यायाचे आहे. वस्तुस्थिती वेगळी दिसते. समाधीपुढे मस्तक टेकवताना शेजारी कोण टेकवीत आहे याची चौकशी न करण्याचा संस्कार पिढ्यान्‌पिढ्या याच सामान्य भाविकाने जपला. अर्थात यात्रेने सर्व भेद आपोआप गळून पडतात, असेही समजण्याचे कारण नाही. इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वारीवरील आपल्या लेखात, एका वाटेने चालणारे लोक जेवणाच्या वेळी जातीनुसार वेगळे होतात, याची खंत नोंदवली आहे. वाटेने जे मिळवले ते पंगतीत हरवते. म्हणून तीर्थाचे फळ दर्शनाच्या क्षणी दाटून आलेल्या भावनेवरून मोजता येत नाही. यात्रिक परत जाऊन शेजाऱ्याशी कसा वागतो, यावर ते ठरते.

या कसोटीचा प्रसंग आज प्रत्यक्ष श्रीगोंद्यावरच आला आहे. या स्थानाला दर्गा म्हणावे की समाधिमंदिर, आणि त्याची व्यवस्था कोणाकडे असावी, यावरून वाद निर्माण झाला असून २०२५ मध्ये त्याने आंदोलनाचे रूप घेतले. मालकी व व्यवस्था यांचे निर्णय कायद्याच्या मार्गाने व्हावेत, हे उचितच. परंतु ‘हे स्थान कोणाचे’ हा एकच प्रश्न मनात ठेवून येणाऱ्याला ‘मी कोण’ हा प्रश्न तेथे ऐकू येणार नाही. तो जसा आला तसाच, किंबहुना अधिक ताठ होऊन, परत जाईल. अशा वेळी स्थानाची वास्तू टिकेल, पण तिचे तीर्थपण उरणार नाही.

मराठीच्या अभ्यासकांवरही येथे जबाबदारी येते. वा. सी. बेंद्रे यांनी शेख महंमदांचे वाङ्मय संपादून उपलब्ध करून दिले; रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींच्या परंपरेचा स्वतंत्र ग्रंथातून परामर्श घेतला. तरीही अभ्यासक्रमात या कवीचा उल्लेख पुष्कळदा ‘समन्वयवादी’ या एका विशेषणावर संपतो. हे विशेषण सोयीचे आहे, कारण ते वाचकाला काहीच विचारीत नाही. ग्रंथ वाचणारा स्थानाकडे फिरकत नाही आणि स्थानी जाणारा ग्रंथ उघडत नाही, अशी आजची स्थिती आहे. याच जिल्ह्यातील नेवासे येथील खांबापुढे उभ्या राहणाऱ्या भाविकाच्या मनात ज्ञानेश्वरी असते; तेथे दगडाला अर्थ ग्रंथाने दिला आहे. श्रीगोंद्याच्या यात्रिकाला मात्र त्याचा ग्रंथ अद्याप मिळालेला नाही. ‘योगसंग्रामा’ची सुलभ, सटीप आवृत्ती सिद्ध करणे आणि तिचे वाचन त्या स्थानी, दोन्ही समाजांतील भाविकांच्या सान्निध्यात घडवून आणणे, हे विद्यापीठीय मराठी विभागांच्या आवाक्यातील काम आहे. त्याने वाद मिटेलच असे नाही. परंतु ज्याच्या नावाने वाद चालला आहे त्याचे म्हणणे तरी वाद करणाऱ्यांच्या कानी पडेल, आणि त्यानंतर घेतलेले दर्शन खऱ्या अर्थाने तीर्थदर्शन ठरू शकेल.