मक्षिकास्थाने मक्षिका

मूळ प्रतीवर चिरडलेली माशी पाहून लेखनिकानें नव्या प्रतीवरही एक माशी मारून चिकटविली, ही गोष्ट सांगून आम्हीं वर्गांत अनेक वर्षें मुलांना हंसविलें. तीच माशी यंदा आमच्या घरीं उपकारक ठरली.

आमच्या कैलासवासी वडील बंधूंनीं कुलवृत्तान्ताचीं टिपणें १९९५ च्या सुमारास संगणकावर लिहून सात फ्लॉप्यांत ठेविलीं होतीं. मंडणगडच्या पावसाळी हवेनें त्यांवर बुरशी चढली. एक तर आम्हींच गमाविली. 'ही डिस्क फॉरमॅट करावयाची काय?' असें यंत्रानें विचारतांच आम्हीं न समजतां होकार दिला, आणि एका शाखेचीं नांवें कायमचीं पुसलीं गेलीं.

उरलेल्या सहा पुतण्यानें वांचविल्या. बुरशी हलक्या हातानें पुसून, फ्लॉपीच्या कोपऱ्यांतील पट्टी त्यानें खिडकी उघडी राहील अशी सरकविली. म्हणजे तीवर नवें कांहीं लिहिलें जात नाहीं. मग घरींच रचलेली आज्ञावली चालू केली. फ्लॉपीस बाजू दोन, प्रत्येक बाजूस ८० वर्तुळें, प्रत्येक वर्तुळाचे १८ खंड व खंडांत ५१२ बाइट, एकूण १४,७४,५६०. अर्थ न लावतां, रिकामी जागाही न सोडतां, आज्ञावली हें सर्व जसेंच्या तसें उतरून घेते. एखादा खंड वाचतां न आल्यास पुनःपुन्हां प्रयत्न करते. तरीही न साधल्यास तेथें 'त्रुटित' अशी नोंद ठेवते. या प्रतीस 'डिस्क इमेज' म्हणतात. प्रत्येक प्रतीची एक पडताळणी-संख्याही ती काढून ठेवते. क्रम, जटा, घन इत्यादि पाठांमुळें वेदांतील एका अक्षराची चूकही पकडली जाते, तसाच हा प्रकार होय.

प्रत उघडतांच पडद्यावर परकीय अक्षरांचा गोंधळ दिसला. आमचा धीर सुटला. पुतण्या म्हणाला, "काका, मजकूर शाबूत आहे, संकेत तेवढा जुना आहे." तो १९९१ च्या भारतीय मानकांतील 'इस्की' संकेत होता; आजच्या युनिकोडाहून निराळा. रूपांतर त्यानें वेगळ्या प्रतीवर केलें. मूळास हात लाविला नाहीं.

मातोश्रींच्या माहेरचें नांव बंधूंनीं अशुद्ध लिहिलेलें आढळलें. तांबड्या शाईची संवय असलेला आमचा हात पुढें झाला. "शुद्ध प्रत निराळी करूं, काका, बाबांची तशीच राहूं द्या," असें तो म्हणाला. बंधू तें नांव नेहमीं तसेंच उच्चारीत, हें तेव्हां आठवलें.

वाचकांनीं आपलीं कपाटें एकदां अवश्य पाहावीं. फ्लॉपी सांपडल्यास प्रथम ती खिडकी उघडी करावी, आणि यंत्रानें कांहींही विचारलें तरी तूर्त नाहींच म्हणावें.