लेकाच्या बिऱ्हाडी जाताना

सुगी सरली, की लेकाच्या बिऱ्हाडी जाण्याचे बेत घरोघर शिजू लागतात. खेड्यापाड्यांतली कितीतरी मुले आज नवीन पनवेलला संसार थाटून आहेत. सिडकोने वसवलेली ही वसाहत रेल्वे स्टेशनच्या पूर्वेला; एस.टी.चा स्टँड मात्र जुन्या पनवेलात, हे उतरताना ध्यानात असावे. भाड्याची चिंता आता थोडी हलकी झाली आहे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे आणि वयाची ७५ वर्षे पूर्ण केलेल्या आजी-आजोबांना २०२२ पासून राज्यात मोफत प्रवास. वयाच्या पुराव्याला आधारकार्ड तेवढे जवळ ठेवावे.

पण भगिनींनो, प्रवास स्वस्त झाला म्हणून पाहुणचार सुनेला स्वस्त पडत नाही. दोन खोल्यांत सहा माणसे उतरली, की सकाळची लोकल गाठणारी ती पोर रात्री उशिरापर्यंत चपात्या लाटत राहते. चार दिवसांत सासू-सुनेचे बोलणे होते ते भाजी-आमटीपुरतेच. म्हणून जाताना तांदूळ, डाळ, भाकरीचे पीठ बरोबर न्यावे. स्वयंपाकाला आपणही हात लावावा. आणि एका रात्री सर्वांनी मिळून हॉटेलात जेवावे. तिथे सुनेला आपल्या शेजारी बसवावे. 'एवढ्या पैशांत घरचा आठवडा निघाला असता' हा हिशेब त्या रात्री मांडू नये. कांद्याच्या पट्टीतले चार पैसे आजोबांनी आपणहून पुढे केले, तर ते जेवण सून जन्मभर विसरणार नाही.