पहिल्या लेयरवरचा माणूस

नेटवर्किंगच्या पेपरात सात लेयर्सची आकृती न काढलेला इंजिनिअर शोधून सापडणार नाही. सगळ्यात खाली फिजिकल लेयर. त्यावर आपण दोन ओळी लिहितो, मार्क घेतो आणि वर निघून जातो. पण ही ‘फिजिकल’ गोष्ट प्रत्यक्षात कुणीतरी खांद्यावर वेटोळं टाकून, शिडीवर चढून ओढत असतो. त्याचा विचार ना सिलॅबसमध्ये, ना आपल्या डोक्यात.

कफ परेडच्या मच्छीमार नगरात एक चक्कर मारून बघा. जवळच वर्ल्ड ट्रेड सेंटर, समोर समुद्र आणि होड्या, मध्ये दाटीवाटीची घरं. टॉवरमध्ये केबलसाठी डक्ट असते. वस्तीत मात्र केबल पत्र्यावरून आणि विजेच्या वायरीला खेटूनच जाते. नेट दोन्हीकडे सारखंच हवं, पण धोका सारखा नाही.

‘फायबरमध्ये करंट नसतो, मग भीती कसली?’ असं आपल्यातलेच हुशार विचारतात. काचेत करंट नसतो हे खरं. पण घरापर्यंत येणाऱ्या फायबर केबलला ताण सोसायला बऱ्याचदा स्टीलची तार जोडलेली असते. ती २३० व्होल्टच्या सोललेल्या वायरीला टेकली की काय होईल, हे फर्स्ट इयरचा पोरगाही सांगेल. त्यात पावसाळा आणि खाली ओला पत्रा. सिमेंटचा पत्रा असेल तर तो वजनाने फुटतो, ते वेगळंच. म्हणून आधी टेस्टरने पत्रा तपासायचा, विजेच्या वायरीपासून अंतर ठेवायचं, आणि पट्टा नसेल तर वर चढायचंच नाही.

दुसरी वाईट सवय म्हणजे फायबरच्या टोकाला डोळा लावून ‘लाइट येतोय का’ बघणं. आत असतो इन्फ्रारेड लेसर, १३१० किंवा १४९० नॅनोमीटरचा. तो दिसत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही. त्यासाठी पॉवर मीटर असतो. कापलेल्या फायबरचा तुकडा फक्त १२५ मायक्रॉन जाडीचा. बोटात घुसला तर शोधून सापडत नाही. तुकडे बंद डबीत टाकावेत, चष्मा लावावा आणि त्याच हातांनी वडापाव खाऊ नये.

गंमत म्हणजे ओढीच्या दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही, हे होडीवरच्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. केबलचंही तेच. गाठ पडली म्हणून हिसका द्यायचा नाही आणि यूटीपी केबल तिच्या जाडीच्या चौपटीपेक्षा घट्ट वळवायची नाही. समुद्राकाठी खाऱ्या हवेने कनेक्टर गंजतात आणि घरातली पीव्हीसी केबल बाहेर उन्हात तडकते. म्हणजे पुन्हा दुरुस्ती आणि पुन्हा कुणीतरी पत्र्यावर! आज वाचवलेले पन्नास रुपये त्या माणसाला आणखी दोनदा वर चढवतात.

जाळ्याचं आणि नेटचं नातं आणखी खोल आहे. जगात समुद्राखालच्या केबल्समध्ये वर्षाला साधारण १५० ते २०० बिघाड होतात, आणि त्यातले बहुतेक मासेमारीची जाळी व नांगर यांमुळे. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ भूमध्य समुद्रात केबल्स तुटल्या आणि इथे भारतात नेट रांगायला लागलं. तेव्हा सगळ्यांना कळलं, की इंटरनेट हवेतून येत नाही.

आता हॉस्टेलकडे या. एका विंगच्या खिडकीतून दुसऱ्या विंगमध्ये तांब्याची लॅन केबल टाकणारे महाभाग प्रत्येक बॅचला असतात. वीज जवळपास पडली तर त्याच केबलने दोन्हीकडचे स्विच जळतात, आणि त्या वेळी कुणाचा हात तिथे असेल तर तोही वाचत नाही. दोन इमारतींमध्ये फायबरच हवं.

माझं मत स्पष्ट आहे. प्रॅक्टिकलमध्ये क्रिंपिंग शिकवतात, तसाच एक तास शिडी, टेस्टर, पट्टा आणि चष्म्याचा असावा. स्टाफने मनावर घेतलं तर पुढच्या सेमिस्टरपासून होण्यासारखं आहे. उद्या आपण साइटवर सुपरवायझर म्हणून उभे असू आणि वर चढणारा आपल्याच वयाचा असेल. ‘चल लवकर, लिंक अप कर’ म्हणण्याआधी त्याच्या कमरेला पट्टा आहे का, एवढं तरी बघूया. तो संध्याकाळी धड घरी पोचला, तरच काम पूर्ण झालं म्हणायचं.